आजोबांची फियाट आठवते, म्हणून रोजची गाडीही तीच घ्यावी का?

सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या 36 वर्षांच्या एका वाचकांचं हे पत्र. ते तासगावच्या एका कॉलेजात शिकवतात आणि रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन करतात. पत्नी मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत, त्यांना पाळीने रात्रपाळी असते. घरात 4 वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई. घरातली पहिलीच चारचाकी घ्यायची आहे, बजेट अडीच लाखांचं. नदीकाठच्या गावभागात एका ओळखीच्यांकडे 1995 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे आणि मालक ती लाखाच्या आत द्यायला तयार आहेत. आजोबांकडे फियाट होती, बालपण तिच्यात गेलं, म्हणून यांचा जीव त्या गाडीत अडकला आहे. ते लिहितात, ‘नव्या गाड्यांचा पत्रा म्हणजे डबा. जुनी गाडी मजबूत असते, साधी असते, कुठलाही मिस्त्री ती रस्त्यात दुरुस्त करतो, आणि रोज चालवली की ठणठणीत राहते. मामा म्हणतात, विंटेजचा नंबर काढ, पासिंगची कटकटच नको. बायको मात्र म्हणते, हौस म्हणून घे, पण माझ्या ड्युटीच्या वेळेला मी त्या गाडीच्या भरवशावर राहणार नाही. माझं काही चुकतंय का?’

नमस्कार,

पद्मिनी रोज चालू शकते. याबद्दल तुम्हाला कुणी हसलं असेल तर ते मनावर घेऊ नका. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ही गाडी वर्षानुवर्षं दोन-दोन पाळ्यांत धावली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. गाडी दमली म्हणून ती गेली असं कुणी म्हणणार नाही.

पण त्या टॅक्सीच्या मागे काय उभं होतं तेही बघा. चाळीच्या खाली गॅरेज, त्याला लागून स्पेअर पार्टचं दुकान, आणि स्वतः अर्धा मिस्त्री असलेला ड्रायव्हर. उन्हाळ्यात सिग्नलला इंजिन तापून त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच वाफ धरली, की हे ड्रायव्हर बॉनेट उघडायचे, ओलं फडकं पंपाला गुंडाळायचे आणि थोड्या वेळाने निघायचे. तोवर आतला प्रवासी उतरून मागच्या टॅक्सीत बसलेला असायचा. रात्री सव्वाआठला तुमच्या पत्नीला ड्युटीवर सोडायचं आहे आणि गाडी मिरज रस्त्यावर बंद पडली, तर मागून येणारी दुसरी टॅक्सी तुमच्या घरात नाही. रोजची गाडी म्हणून जुनी गाडी घ्यायची की नाही, हे मला वाटतं इथे ठरतं. ती कधीतरी थांबणार हे धरूनच चालायचं. त्या दिवशी कोण खोळंबणार, ते आधी बघायचं.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या गोष्टींकडे येते.

‘कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो’ हे 1995 साली खरं होतं. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉइंट आणि कॉईल (ठिणगी पाडणारे भाग), चोक यांवर हात बसलेले मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखालची पोरं स्कॅनर लावून गाडी बघायला शिकली. ती हुशार आहेत, पण पॉइंटमधली फट नुसत्या नजरेने आणि एका पातळ पट्टीने जुळवणं त्यांच्या रोजच्या कामात नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी मिस्त्री बघा. सांगली-मिरजेत पद्मिनीचं काम आजही करणारा माणूस शोधा, त्याच्या गॅरेजमध्ये सकाळी तासभर बसा, आणि त्याला सरळ विचारा, ‘अजून किती वर्षं काम करणार? तुमच्यानंतर कोण?’ उत्तर मोघम आलं तर तेही उत्तरच समजा. सुट्या भागांचं मात्र लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. गॅस्केट, प्लग, ब्रेकचे लायनर, होज पाईप मुंबई-पुण्याहून मागवता येतात, आणि एखादा भाग मिळालाच नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून देणारे कारागीर आहेत. फक्त त्याला दिवस लागतात. हौसेच्या गाडीला हे चालतं. सोमवारी सकाळी पहिलं लेक्चर असलेल्या माणसाला चालत नाही.

‘जुनी गाडी मजबूत’ यावर मी तुमच्याशी वाद घालणार आहे, कारण मागच्या सीटवर 4 वर्षांची मुलगी बसणार आहे. पत्रा जाड असतो हे खरं. पण धडक बसल्यावर आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो आणि बराचसा मार स्वतः खातो. जुन्या गाडीत तोच मार आतल्या माणसांपर्यंत येतो. एअरबॅग नाहीत. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ते काही वेळ नीट धरत नाहीत. सराव असलेला ड्रायव्हर पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून धरत ते सुकवून घेतो. तुमच्या पत्नी गाडी चालवणार असतील तर त्यांनाही ही सवय लागेपर्यंत वेळ जाईल.

मागच्या सीटला पट्टे (सीटबेल्ट) असण्याची शक्यता कमीच. मुलांची सीट बसवायला नीट पट्टा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या 194-ब कलमानुसार 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट हवी, नाहीतर 1,000 रुपये दंड आहे. दंडाचं राहू द्या. तासगाव रस्ता तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता. कारखाने सुरू झाले की माधवनगर, बुधगाव, कवलापूरपासून पुढे कवठे एकंदपर्यंत संध्याकाळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर मातीने झाकलेला असतो. समोरच्या वाहनाचा प्रखर उजेड डोळ्यांत, आपल्या गाडीचे दिवे मिणमिणते आणि पुढे अंधारात उसाचं शेपूट. इथे चांगले दिवे आणि चटकन धरणारे ब्रेक हे चैनीचे विषय नाहीत. पद्मिनीच घेतलीत तर दिव्यांना रिले बसवून चांगले हॅलोजन आणि चारही सीटना पट्टे हा खर्च रंगकामाच्या आधी करा. पट्टे अशा मिस्त्रीकडूनच बसवा, जो पत्र्याला आतून जाड पट्टी देऊन नट आवळतो. नुसत्या पत्र्यात घातलेला बोल्ट धक्क्याबरोबर उपटून येतो.

यापेक्षाही मला काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या एका शब्दाची, ‘गावभाग’. सांगलीकराला वेगळं सांगायला नको. 2005, 2019, 2021 असा तीनदा मोठा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. त्या दिवसांत ती गाडी कुठे होती? मालक तुमच्या ओळखीचे आहेत, त्यामुळे विचारायला अवघड वाटेल. तरी विचारा. आणि ते काहीही म्हणाले तरी गाडीलाच विचारा. दिवसाउजेडी जा, बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर बरोबर घ्या, कपडे जुने घाला. आतली मॅट उचलून खालचा पत्रा बघा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालच्या खोबणीत बोट फिरवा. मागची सीट उचला आणि स्प्रिंगांच्या मुळाशी बघा. दाराच्या आतलं पॅड एका कोपऱ्यातून सैल करून आत उजेड टाका. कृष्णेचा गाळ बारीक असतो. वाळला की भुरकट पिठासारखा होतो आणि पाईप मारून गाडी कितीही धुतली तरी या जागांतून तो जात नाही. दाराच्या आत एका ठराविक उंचीवर आडवी फिकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. मग त्या गाडीचं वायरिंग, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर, गिअरबॉक्समधलं ऑइल, व्हील बेअरिंग, सगळंच संशयात आलं. वरून नवा रंग मारलेला असेल तर जास्तच सावध व्हा. जॅक लावायच्या जागी आणि दाराच्या उंबऱ्याखाली स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकून बघा. टणक आवाज यायला हवा. भसभस आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर पत्रा सडला आहे. इंजिनाचं काम एकदा करून मोकळं होता येतं. सडलेला पत्रा दरवर्षी नवा खर्च काढतो.

मामांचा विंटेज नंबरचा सल्ला इथे लागूच होत नाही. 2021 मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले, त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी लागते. तुमची 1995 ची. आणि समजा एखादी 1970 ची फियाट मिळाली, तरी तो नंबर घेतल्यावर ती रोज वापरताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक घोटाळ्यात पडतात.

तुम्हाला साधंच, म्हणजे दर 5 वर्षांनी आरटीओत गाडी तपासून नोंदणी वाढवून घ्यायचं पासिंग करावं लागेल. तेव्हा आधी आरसी बुक मागून घ्या आणि नोंदणीची मुदत कधी संपली ते पाहा. शेडमधल्या गाडीचं पासिंग बहुधा राहून गेलेलं असतं, आणि उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. 20 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 2025 च्या ऑगस्टपासून 5,000 वरून 10,000 झाली आहे. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी, नव्या नंबर प्लेट. बँकेचा बोजा उतरला आहे का, इंजिन आणि चासी नंबर कागदांशी जुळतात का, मूळ मालक हयात नसतील तर वारसांच्या सह्या कोण देणार, हे सगळं पैसे देण्याआधी. मालकांना सांगा की पासिंग तुमच्या नावावर असतानाच करून द्या, हवं तर खर्च मी देतो. पासिंगला गाडी उभी राहिली की तिचं खरं कळेल. (दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या 10 आणि 15 वर्षांच्या बंदीची भीती कुणी घातली तर घाबरू नका. ती राजधानी परिसरापुरती आहे. तपासणीत उतरलेली खाजगी गाडी आपल्याकडे चालवता येते.) विमा बहुतेक थर्ड पार्टीच, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच मिळेल. चोरी किंवा पुराचं नुकसान धरायचं असेल तर गाडीची किंमत कंपनीशी बोलून, लिहून ठरवावी लागते.

पेट्रोलचाही विचार करा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. आपल्याच भागातल्या कारखान्यांमुळे ते बनतं आणि त्याने उसाला बाजार मिळतो, हे चांगलंच आहे. पण 1995 च्या गाडीतले रबराचे पाईप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली गॅस्केट या पेट्रोलासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, तडकतात आणि पेट्रोल ठिबकायला लागतं. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे आग. इथेनॉलला चालणारे पाईप आणि पडदा पहिल्याच आठवड्यात बदला, टाकी काढून धुवून घ्या, फिल्टर घाला. रोज किल्ली फिरवण्याआधी नाकाने वास घ्या. वास आला तर त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

पैशाचं गणित साधं आहे. विश्रामबाग ते तासगाव जाऊन-येऊन 50 किलोमीटरच्या आसपास, महिन्याला 25 दिवस धरले तर 1,250 किलोमीटर. पद्मिनी लिटरला 11 देते असं धरा, तर साधारण 114 लिटर लागतात. लिटरला 18 देणाऱ्या एखाद्या जुन्या वॅगन-आरला 70. लिटर शंभरच्या पुढे आहे, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचा फरक नुसत्या पेट्रोलात पडतो, दुरुस्ती वेगळी. लाखाच्या आत मिळणारी गाडी ब्रेक, वायरिंग, टायर, पत्रा आणि गादीकाम धरून सहज दुपटीला जाते. मग अडीच लाखांतून आईच्या औषधपाण्याला बाजूला काय उरलं?

‘रोज चालवली की ठणठणीत राहते’ हे तुमचं निम्मं बरोबर आहे. उभी गाडी नक्कीच सडते. पेट्रोल चिकट होतं, ब्रेकचे सिलिंडर धरतात, टायर एका जागी चपटे पडतात. पण त्यासाठी आठवड्यातून एकदा चांगला 30-40 किलोमीटरचा फेरा पुरतो. रविवारी सकाळी नरसोबाच्या वाडीला जाऊन या, तेवढ्याने ती खूश राहील. रोजचे 50 किलोमीटर, मे महिन्याचं ऊन, भर पावसातलं शहर, यात तिचे जे भाग झिजतील त्यांतले कित्येक आता कुठलाही कारखाना पुन्हा बनवत नाही. गाडीवर तुमचं प्रेम आहे म्हणूनच सांगते, तिला रोजच्या कामाला जुंपलंत तर ती लवकर संपेल.

आता तुमच्या पत्नीबद्दल. तुम्ही त्यांचं वाक्य विरोध म्हणून लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. ‘हौस म्हणून घे’ असं त्या म्हणाल्या आहेत. रात्रपाळी करणारी, संसार ओढणारी बाई नवऱ्याच्या हौसेला मोकळ्या मनाने हो म्हणते, ही लहान गोष्ट नाही. त्यांनी फक्त एक अट घातली, आणि ती रास्त आहे. हॉस्पिटलात उशिरा पोचलं तर आधीच्या पाळीतली सहकारी अडकून राहते. हा ताण त्या एकट्या सोसणार आणि गाडीचा आनंद तुमचा, अशी वाटणी तुम्हालाही पटणार नाही. आईंनाही विचारा. पद्मिनीची मागची सीट मऊ असते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खोल सीटमधून उठणं जड जातं. गाडी बघायला त्यांना एकदा बरोबर न्या आणि बसून-उठून बघायला सांगा.

मग करायचं काय? पहिली गाडी कामाची घ्या. दीड-दोन लाखांत दहा-बारा वर्षांपूर्वीची वॅगन-आर किंवा स्विफ्ट मिळू शकते. वरच्या मॉडेलमध्ये तेव्हाही एअरबॅग असायच्या, थोडे दिवस थांबून तसलीच शोधा. मागे चांगले पट्टे आहेत ना ते बघा. वॅगन-आरची सीट उंच असते, आईंना सोयीची. पुराच्या खुणांची जी तपासणी वर सांगितली, ती हिलाही तशीच लागू.

घरात दुसरी भरवशाची गाडी आहे आणि ऑफिसला जायला काहीतरी जुनं हवं, असे वाचकही असतील. त्यांनी कार्बोरेटरच्या काळात न जाता 2000 नंतरच्या इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने मोजून सोडणाऱ्या गाड्यांकडे वळावं, मारुतीची झेन किंवा एस्टीम. झेन 2006 पर्यंत आणि एस्टीम त्यानंतरही थोडा काळ बनत होती. पुढे डिस्क ब्रेक, सकाळी पहिल्या किल्लीला चालू, भाग अजून मिळतात, आणि चालवताना गाडी हातात असल्याचं सुख आहे. सुरक्षेत त्याही आजच्या गाडीच्या जवळ येत नाहीत, म्हणून एकट्याने जायला ठीक, मुलांना घेऊन हायवेला नको. अॅम्बेसेडरचा विचार करणाऱ्यांना माझं उत्तर पद्मिनीसारखंच आहे. ती 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे भागांची ओढाताण जरा कमी, इतकंच.

आणि तुमची पद्मिनी? तुम्ही ज्या विश्रामबागेत राहता तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. या गाडीशी सांगलीचं नातं तुमच्या आजोबांपुरतं नाही, आणि एखादी तरी इथे चालती राहावी असं मलाही मनापासून वाटतं. म्हणून ती सोडून द्या असं मी म्हणत नाही. मालकांशी बोला. वर्षभराने घेतो, तोवर कुणाला भंगारात देऊ नका, असं सांगून बघा. दरम्यान वर म्हटलेला मिस्त्री शोधा आणि मालकांची परवानगी घेऊन त्याला एकदा ती गाडी दाखवा. तो ‘चालू होईल’ म्हणाला तर तेवढ्यावर भुलू नका, चालू सगळ्याच होतात. पत्रा बघून काय म्हणतो ते ऐका. गाडी पुरातली निघाली तर माझं मत स्पष्ट आहे, ती नको. आजोबांच्या आठवणीसाठी दुसरी, कोरड्या गावातली शोधा. जत, आटपाडीकडे उभ्या असलेल्या गाड्यांचा पत्रा कृष्णाकाठापेक्षा पुष्कळदा बरा निघतो.

कोरडी निघाली, मिस्त्री हो म्हणाला आणि वर्षभरात लाखभर रुपये घरखर्चाला हात न लावता बाजूला पडले, तर नक्की घ्या. घेण्याआधी भर दुपारी तिला तासगावपर्यंत नेऊन आणा. तिथे इंजिन बंद करून चहा घ्या आणि गरम इंजिनावर पुन्हा चालू होते का बघा. दिवे लावून दहा मिनिटं उभी ठेवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. टायरवर शेवटी जे चार आकडे कोरलेले असतात तेही वाचा. 1412 म्हणजे 2012 सालचा चौदावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी एवढे जुने टायर त्याच दिवशी बदलायचे, घरी आणण्याआधी.